डिकन्सची मेजवानी, नाकारलेले तिकीट आणि ‘सोरोसिस’

१८ एप्रिल १८६८, शनिवारची संध्याकाळ. न्यूयॉर्क शहरात फिफ्थ अव्हेन्यू आणि चौदावा रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर डेल्मोनिकोज नावाचे उपाहारगृह होते. त्या काळी अमेरिकेत याहून प्रतिष्ठेचे जेवणघर दुसरे नव्हते. त्या संध्याकाळी शहरातील वृत्तपत्रसृष्टीने तिथे एका पाहुण्यासाठी मेजवानी ठेवली होती. सुमारे दोनशे पुरुष जेवायला जमले होते. ‘ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली अध्यक्षस्थानी होते आणि पाहुणा होता चार्ल्स डिकन्स.

डिकन्सचा हा अमेरिकेचा दुसरा दौरा. नोव्हेंबर १८६७ मध्ये तो बोस्टनला उतरला आणि पुढच्या पाच महिन्यांत त्याने स्वतःच्या कादंबऱ्यांतील प्रसंगांची शहराशहरांतून जाहीर वाचने केली. तिकिटांसाठी लोक भर हिवाळ्यात रात्रभर रांगेत उभे राहत आणि काळाबाजारवाले त्याच तिकिटांचे दाम चढवून विकत. कादंबरी हे त्या काळाचे सर्वांत मोठे लोकरंजन होते आणि डिकन्स हा त्या रंजनाचा निर्विवाद राजा. दौरा संपत आला तेव्हा त्याची प्रकृती पार ढासळली होती. मेजवानीच्या दिवशी पाय इतका सुजला होता की तो तासभर उशिरा पोहोचला, तोही ग्रीलींच्या हाताचा आधार घेत.

भोजनाची यादी वाचण्यासारखी आहे. पदार्थांना साहित्यिकांची नावे दिली होती. शतावरीच्या सुपाला द्यूमाचे, कोकराच्या मांसाला वॉल्टर स्कॉटचे, रानकोंबडीला फेनिमोर कूपरचे आणि एका नाजूक टिंबालला खुद्द डिकन्सचे. स्वयंपाकघराचा सूत्रधार शार्ल रानोफे हा असल्या नामकरणात तरबेज होता.

डिकन्सचे भाषणही गाजले. पंचवीस वर्षांपूर्वी ‘अमेरिकन नोट्स’ आणि ‘मार्टिन चझलविट’ या पुस्तकांत त्याने अमेरिकेची यथेच्छ खिल्ली उडवली होती. त्या रात्री त्याने या देशात झालेल्या बदलांची जाहीर कबुली दिली आणि ही कबुली दोन्ही पुस्तकांच्या पुढील प्रत्येक आवृत्तीला जोडली जाईल, असे वचन दिले. ते पाळलेही गेले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या रात्रीची सर्वांत परिणामकारक गोष्ट सभागृहात घडलीच नाही. ती घडली तिकिटांच्या खिडकीवर, काही दिवस आधी.

जेन कनिंगहॅम क्रोली यांनी या मेजवानीचे तिकीट मागितले होते.

क्रोली कोण? जन्म १८२९, इंग्लंडमधील मार्केट हार्बरो गावी. बाराव्या वर्षी कुटुंबासह अमेरिकेत आल्या. ‘जेनी जून’ या टोपणनावाने त्यांनी वृत्तपत्रांत लेखन सुरू केले आणि त्यांची सदरे एकाच वेळी अनेक शहरांच्या वृत्तपत्रांत छापली जाऊ लागली. पती डेव्हिड क्रोली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’चे संपादक होते आणि जेन यांची लेखणीही त्याच पत्रात चालत होती. वृत्तपत्रसृष्टीची मेजवानी म्हटल्यावर त्या बाहेरच्या कशा ठरतील? शिवाय दोनच वर्षांपूर्वी, १८६६ मध्ये, त्यांचे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेच्या घराघरांत काय शिजावे हे सांगण्याचा अधिकार असलेल्या बाईला, शिजलेले जेवण्यासाठी एक खुर्ची हवी होती.

आयोजकांनी प्रथम ही मागणी थट्टेवारी नेली. तिकीट मागणाऱ्या क्रोली एकट्या नव्हत्या. ‘फॅनी फर्न’ या नावाने लिहिणाऱ्या सारा पार्टन यांचेही नाव त्यांत होते. या बाई तर त्या काळच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या स्तंभलेखिका. ‘रूथ हॉल’ (१८५५) या त्यांच्या कादंबरीची नायिका लेखणीच्या बळावर स्वतःच्या पायावर उभी राहणारी विधवा आहे. म्हणजे ज्या व्यवसायाने मेजवानी द्यायची, त्या व्यवसायात या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने, कित्येकदा वरचढही होत्या. पण भोजनाला बोलवायचे म्हटल्यावर त्या एकाएकी ‘स्त्रिया’ झाल्या.

कुरबूर वाढू लागली तेव्हा मेजवानीला तीनच दिवस उरले असताना निरोप आला. एकटेपणा जाणवणार नाही आणि देखावा बरा दिसेल इतक्या संख्येने स्त्रिया येणार असतील तर पुरुषांप्रमाणेच पंधरा डॉलर भरून तिकिटे घ्यावीत, असा त्याचा मथितार्थ. पुढे या प्रसंगाची जी आख्यायिका झाली, तीत स्त्रियांनी पडद्याआड बसून भाषणे ऐकावीत अशीही अट येते. अट कोणतीही असो, स्त्रियांनी नकार दिला. क्रोलींनी ठरवले की आपला स्वतंत्र क्लब काढायचा. तो केवळ स्त्रियांचा असेल, स्त्रियाच तो चालवतील आणि त्यांचे भोजन होईल ते थेट डेल्मोनिकोजमध्येच!

हा हट्ट समजून घ्यायचा तर त्या काळचे न्यूयॉर्क डोळ्यांसमोर आणावे लागेल. सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला चांगल्या उपाहारगृहात, विशेषतः संध्याकाळनंतर, बसू देत नसत. मोठ्या हॉटेलांत स्त्रियांसाठी वेगळे भोजनकक्ष असत आणि त्यांचे प्रवेशद्वारही कित्येकदा वेगळे असे. एकटी बाई बाहेर जेवते म्हणजे तिच्या चारित्र्याविषयी शंका घ्यायला मुभा, असा सरळ हिशोब होता. त्यामुळे दुपारी बारा-पंधरा स्त्रियांनी एकत्र येऊन स्वतःच्या पैशांनी जेवण मागवणे हीसुद्धा त्या शहरात बातमी होती.

२० एप्रिल १८६८, सोमवार. डिकन्सच्या मेजवानीला दोन दिवसही पुरते उलटले नव्हते. त्याच डेल्मोनिकोजमध्ये क्रोली आणि त्यांच्या सहकारिणी जमल्या. जेवण झाले, सभा झाली आणि क्लब उभा राहिला. कवयित्री ॲलिस कॅरी पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्यांना हे पद फारसे नको होते आणि ते त्यांनी लवकरच सोडले, पण त्यांच्या नावाला वजन होते. ज्यांनी उपाहारगृह उघडे ठेवले त्या डेल्मोनिको घराण्यालाही या प्रकरणातले थोडे श्रेय दिले पाहिजे. धंद्याचे गणित असेल, पण दार बंद करणे त्याहून सोपे होते.

नावावरून बराच वाद झाला. कोणी ‘ब्लू स्टॉकिंग’ सुचवले. अठराव्या शतकातील लंडनच्या विदुषींना चिकटलेले, पुढे कुचेष्टेचे झालेले हे नाव. क्रोलींना वनस्पतिशास्त्राच्या कोशात एक शब्द सापडला, ‘सोरोसिस’. एकाच दांड्यावरील अनेक फुले मिळून जे एकसंध, गरयुक्त फळ तयार होते, त्याची ही शास्त्रीय संज्ञा. अमेरिकनांना उदाहरण म्हणून अननस आणि तुती सांगावे लागले. कोकणच्या वाचकाला इतके लांब जायला नको. फणस हे सोरोसिसचे उत्तम उदाहरण आहे. त्यातला प्रत्येक गरा एकेका स्वतंत्र फुलापासून झालेला असतो. बाहेरून काटे, आत गोडवा आणि एकच देठ. क्रोलींनी फणस पाहिला असण्याचा संभव कमीच, पण नाव नेमके बसले. पत्रकार केट फील्ड यांना मात्र ते पटले नाही आणि त्यांनी क्लबच सोडला.

सुरुवातीला चौदा सभासद होत्या. वर्षभरात संख्या त्र्याऐंशीवर गेली. त्यांत लेखिका आणि कवयित्री सर्वाधिक, शिवाय चित्रकार, संपादक, शिक्षिका, दोन डॉक्टर, विज्ञानलेखन करणाऱ्या चौघी. केवळ श्रीमंतांच्या बायकांचा हा गोतावळा नव्हता. यातल्या पुष्कळ जणी स्वकमाईवर जगणाऱ्या होत्या, हे ध्यानात ठेवायला हवे. कारण पुढे क्लबांवर जी टीका झाली ती नेमकी उलट बाजूने झाली.

पुरुषी वृत्तपत्रांनी थट्टा आरंभली. आया क्लबात आणि बाप पाळण्याशी, अशा धर्तीची व्यंगचित्रे निघाली. पण याच काळात न्यूयॉर्कच्या प्रेस क्लबने समेटासाठी जे केले आणि सोरोसिसने त्याला जे उत्तर दिले, ते कोणत्याही व्यंगचित्राहून सरस आहे.

प्रेस क्लबने स्त्रियांना न्याहारीचे आमंत्रण दिले. स्त्रिया गेल्या. तिथे पुरुषांनी भाषणे केली, पुरुषांनी गाणी म्हटली, स्त्रियांच्या वतीने शुभेच्छांना उत्तरेही पुरुषांनीच दिली. स्त्रियांना काम एवढेच की बसावे, खावे आणि ऐकावे. सोरोसिसने आभार मानले आणि उलट प्रेस क्लबला चहाला बोलावले. पुरुष आले. तिथे सगळी भाषणे स्त्रियांनी केली. सगळे पेले स्त्रियांनी उंचावले आणि पुरुषांच्या वतीने उत्तरेही स्त्रियांनीच दिली. एकाही पुरुषाला तोंड उघडू दिले नाही, चहासाठी सोडून! यानंतर तिसरा समारंभ झाला तो दोन्ही क्लबांच्या संयुक्त भोजनाचा. प्रत्येकाने आपापले पैसे भरले आणि बोलण्याचे मानही वाटून घेतले. स्त्री-पुरुष बरोबरीने बसलेली अशी जाहीर मेजवानी शहराला नवीनच होती.

सोरोसिसच्या मासिक बैठकीची घडी साधारण अशी होती. आधी भोजन. मग साहित्य, कला, नाट्य, संगीत, शिक्षण, विज्ञान, लोककल्याण अशा समित्यांपैकी एखादी समिती कार्यक्रम चालवी. कोणी निबंध वाची, त्यातून एखादा प्रश्न सभेपुढे ठेवला जाई आणि त्यावर चर्चा होई. अधूनमधून गाणे किंवा काव्यवाचन. धर्ममत आणि स्त्रियांचा मताधिकार हे दोन विषय मात्र वर्ज्य होते.

या शेवटच्या नियमावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. सुझन अँथनी व एलिझाबेथ कॅडी स्टँटन याच शहरात, याच वर्षी, मताधिकाराच्या बाजूने ‘रेव्होल्यूशन’ नावाचे पत्र चालवत होत्या. आणि इथे विदुषींच्या क्लबात त्या विषयाला बंदी! हे भित्रेपणाचे वाटते आणि काही अंशी होतेही. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या स्त्रीने आयुष्यात कधी चारचौघांपुढे उभे राहून वाक्य पूर्ण केले नव्हते, तिला इथे दर महिन्याला ते करावे लागे. ठराव मांडणे, दुरुस्ती सुचवणे, मत मोजणे, अध्यक्षांचा निर्णय मान्य करणे, हिशेब तपासणे या साऱ्या गोष्टी पुरुष नगरसभेत शिकत. स्त्रियांना तिथे प्रवेशच नव्हता. त्यांची नगरसभा जेवणाच्या मेजावर भरत होती. पुढे मताधिकाराच्या चळवळीला संघटक मिळाले, त्यांतल्या अनेक जणी अशाच क्लबांतून आलेल्या होत्या.

सोरोसिस हा काही पहिलाच प्रयोग नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड विमेन्स क्लब’ स्थापन झाला होता. त्याच्याही आधी, १८३९ पासून, मार्गारेट फुलर यांनी बोस्टनमध्ये स्त्रियांसाठी संवादसभा चालवल्या. त्यांपैकी बऱ्याच एलिझाबेथ पीबडी यांच्या पुस्तकाच्या दुकानात भरल्या. आणि या सर्वांच्या आधीचे एक उदाहरण क्वचितच सांगितले जाते. १८३१ मध्ये फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फीमेल लिटररी असोसिएशन’ काढली. सभासद आपले लेखन नाव न घालता पेटीत टाकत. मग ते सर्वांसमोर वाचले जाई आणि त्यावर टीका-टिप्पणी होई.

शिक्षिका सारा मॅप्स डग्लस यांनी तिथे ‘मनाची मेजवानी’ ही कल्पना रुजवली. वाचन आणि विचार हेच पक्वान्न, म्हणून पानात फक्त भाकर आणि पाणी. गुलामगिरी दक्षिणेत अजून तीस वर्षे जगणार होती. अनेक दक्षिणी राज्यांत गुलामांना अक्षरे शिकवणे गुन्हा होता किंवा होऊ घातला होता. अशा वेळी स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी भाकर-पाण्यावर ग्रंथवाचन करणे याचा अर्थ डेल्मोनिकोजच्या टिंबालांपेक्षा कितीतरी गंभीर आहे. क्लबांचा इतिहास सहसा सोरोसिसपासून सांगितला जातो. तो इथून सांगायला हवा.

१८७० नंतरच्या दोन-तीन दशकांत अशा मंडळांचे अक्षरशः पेव फुटले. गृहयुद्ध संपले होते, लोहमार्ग खेड्यांपर्यंत पोहोचले होते, छपाई स्वस्त झाली होती आणि मासिकांतून कादंबऱ्या क्रमशः येत होत्या. मध्यमवर्गीय घरातल्या स्त्रीला शाळेपर्यंतचे शिक्षण मिळू लागले, पण महाविद्यालयाची दारे बहुतेकींना बंदच राहिली. अडलेली ही भूक वाचनमंडळांनी भागवली. वर्षभराचा अभ्यासक्रम आधी ठरे, छोटी कार्यक्रमपत्रिका छापली जाई. या वर्षी शेक्सपियर, पुढच्या वर्षी इटलीचा इतिहास, त्याच्या पुढच्या वर्षी जॉर्ज इलियटच्या कादंबऱ्या. बैठक पाळीपाळीने एकेकीच्या घरी भरे आणि जिच्या घरी बैठक तिच्याकडे खाण्याची जबाबदारी.

इथे एक गमतीशीर अडचण उद्भवली. यजमानीण मागच्या महिन्याच्या यजमानिणीपेक्षा सरस करायला जाई. एक केक असे तिथे तीन होत, तीनाचे पाच होत, आणि निबंधाऐवजी लोणच्याचीच चर्चा रंगे. म्हणून कित्येक मंडळांनी आपल्या घटनेतच कलम घातले की, अमुक एका संख्येहून जास्त पदार्थ ठेवायचे नाहीत! हळदीकुंकवाच्या खिरापतीवरून चाललेल्या चढाओढी ज्यांनी घरात पाहिल्या आहेत, त्यांना या कलमाची आवश्यकता समजावून सांगावी लागणार नाही.

पुस्तके मिळायची कुठून हा दुसरा प्रश्न. मंडळे वर्गणी काढून पुस्तके मागवत आणि ती आपसांत फिरवत. मग कपाट भरे, मग एखाद्या दुकानावरच्या खोलीत ती ठेवली जात आणि आठवड्यातून दोन दुपारी ती खोली गावासाठी उघडली जाई. अमेरिकेतील असंख्य सार्वजनिक ग्रंथालयांचा उगम अशा कपाटांत आहे. कार्नेगी यांच्या देणगीतून इमारती उभ्या राहिल्या हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यांच्याकडे अर्ज करण्याआधी गावात ग्रंथालयाची गरज पटवून देणाऱ्या, जागा मिळवणाऱ्या आणि वर्गणी गोळा करणाऱ्या बहुधा याच बायका असत.

१८८९ मध्ये सोरोसिसला एकवीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने देशभरातील क्लबांना बोलावणे गेले. एकसष्ट क्लबांनी प्रतिसाद दिला आणि पुढच्याच वर्षी ‘जनरल फेडरेशन ऑफ विमेन्स क्लब्ज’ हा महासंघ आकाराला आला. क्रोलींनी या साऱ्या चळवळीचा इतिहास १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. तो हजाराहून अधिक पानांचा आहे, आणि डिकन्सच्या मेजवानीची हकीकत आज जगाला ठाऊक आहे ती मुख्यतः त्यांच्याच लेखणीतून.

महाराष्ट्राचा धागा इथे येऊन मिळतो. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. व्याख्याने देत त्यांनी देश पालथा घातला. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ठिकठिकाणी तिची मंडळे निघाली. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडलेले शारदा सदन त्यांच्याच वर्गणीवर उभे होते. त्याच वर्षी रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. तिथल्या स्त्रियांची स्थिती आणि त्यांच्या संस्था यांविषयी त्यात विस्ताराने लिहिले आहे. स्त्रिया स्वतः सभा भरवतात, पैसा उभा करतात आणि खर्चाचा जाब एकमेकींना विचारतात, याची ओळख त्यातून मराठी वाचकाला झाली.

रमाबाईंना ही कल्पना नवी नव्हती. १८८२ मध्येच त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला होता. त्या सभांना जाणाऱ्या रमाबाई रानडे यांना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून काय सोसावे लागले, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात वाचायला मिळते. पुढे १८९० च्या दशकात न्या. रानड्यांसमवेत मुंबईत राहायला आल्यावर रमाबाई रानड्यांनी हिंदू स्त्रियांचा एक सोशल व लिटररी क्लब काढला. नाव थेट इंग्रजीच होते.

मात्र सोरोसिसमध्ये जे पहिले होते, म्हणजे एकत्र जेवण, ते इथे सर्वांत अवघड होते. न्यूयॉर्कमध्ये प्रश्न इतकाच होता की, सोबत पुरुष कोण आहे? पुण्यात प्रश्न असा होता की, कोणाच्या हातचे, कोणाच्या पंक्तीला आणि कोणत्या सोवळ्यात? शारदा सदनात ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंना ब्राह्मण विधवांच्या जेवणाखाणाचे आचार सांभाळण्याची व्यवस्था करावी लागली, कारण त्याशिवाय एकही मुलगी तिथे राहिली नसती.

आणि १८९० चे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण तर सर्वश्रुतच आहे. १४ ऑक्टोबरला व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्याची बडी मंडळी मिशनमध्ये जमली. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. थोड्याच दिवसांत उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये झळकली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. हा सगळा घाट घालणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी. ज्यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाईंचे पती! एक पेला चहा शहराला दोन वर्षे पुरला. अशा ठिकाणी कादंबरीवर चर्चा करत सहभोजन करणारा स्त्रियांचा क्लब एकोणिसाव्या शतकात का निघाला नाही, हे वेगळे सांगायला नको.

पण म्हणून अमेरिकेतले मेज सर्वांना खुले होते असे समजणे भाबडेपणाचे होईल. तिथेही पंक्तिभेद होता, फक्त त्याचे कारण वेगळे.

बोस्टनच्या जोसेफिन सेंट पियरे रफिन या कृष्णवर्णीय संपादिका. ‘विमेन्स इरा’ हे पत्र त्या चालवत आणि त्याच नावाचा कृष्णवर्णीय स्त्रियांचा क्लबही त्यांनी उभा केला होता. गोऱ्या स्त्रियांच्या न्यू इंग्लंड विमेन्स क्लबच्याही त्या सभासद होत्या. १९०० साली महासंघाचे अधिवेशन मिल्वॉकी येथे भरले. रफिन यांच्या क्लबाला सभासदत्व मंजूर झाले होते. पण त्या क्लबातील स्त्रिया कृष्णवर्णीय आहेत हे कळताच कार्यकारिणीने पाऊल मागे घेतले. महासंघाच्या अध्यक्षा जॉर्जिया राज्यातल्या होत्या. रफिन यांना सांगण्यात आले की, गोऱ्या संस्थांची प्रतिनिधी म्हणून तुम्ही आत बसू शकता. स्वतःच्या क्लबाची प्रतिनिधी म्हणून नाही. दाराशी त्यांच्या छातीवरचा प्रतिनिधीचा बिल्ला हिसकावण्याचाही प्रयत्न झाला. रफिन यांनी ती सवलत नाकारली.

बत्तीस वर्षांपूर्वी डिकन्सच्या मेजवानीच्या वेळी जे स्त्रियांना सांगितले गेले होते, तेच या स्त्रियांनी आता रफिन यांना सांगितले. आमच्या अटीवर आलात तर खुर्ची आहे. आणि रफिन यांनी उत्तरही तेच दिले, जे तेव्हा क्रोलींनी दिले होते. शिकागोच्या विमेन्स क्लबात फॅनी बॅरिअर विल्यम्स या एका कृष्णवर्णीय विदुषीला प्रवेश द्यावा की नाही, यावर त्याआधी चौदा महिने वाद चालला होता. शेवटी १८९६ मध्ये त्यांना घेतले गेले. त्याच वर्षी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्लबांनी आपला राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्याची पायाभरणी रफिन यांनीच आदल्या वर्षी बोस्टनला बोलावलेल्या परिषदेत झाली होती.

बाहेरून होणारी टीकाही थांबली नव्हती. १९०५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी ‘लेडीज होम जर्नल’मध्ये लेख लिहून स्त्रियांच्या क्लबांमुळे घरे मोडतील असा इशारा दिला. कादंबरीकार ईडिथ व्हॉर्टन यांनी १९११ च्या ‘शिंगू’ या कथेत अशाच एका श्रीमंत लंच क्लबाची भंबेरी उडवली. त्यातल्या सगळ्या बायका न वाचलेल्या विषयावर विद्वत्ता पाजळतात. कथा धारदार आहे आणि पुष्कळ क्लबांना लागूही पडत असावी. पण पुस्तक न वाचता त्यावर बोलणे ही कला केवळ स्त्रियांच्या क्लबांत विकसित झाली, असे म्हणायला आधार नाही.

डेल्मोनिकोजमध्ये सोरोसिस जेवत राहिला, म्हणून न्यूयॉर्कची इतर दारे आपोआप उघडली असेही नाही. १९०७ च्या उन्हाळ्यात हॅरियट स्टँटन ब्लॅच आपल्या मैत्रिणीसह हॉफमन हाउसच्या गच्चीवरील उपाहारगृहात गेल्या. एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांची ही कन्या. सोबत पुरुष नाही म्हणून त्यांना जेवण नाकारण्यात आले. त्यांनी दावा लावला आणि १९०८ मध्ये तो हरल्या.

क्रोली १९०१ मध्ये निवर्तल्या. वृत्तपत्रांचे भोजन आणि स्त्रिया हा प्रश्न मात्र त्यांच्यामागे आणखी सत्तर वर्षे रेंगाळला. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये देशोदेशीचे पंतप्रधान दुपारच्या जेवणाला येत आणि महत्त्वाची भाषणे तिथेच होत. १९५५ पर्यंत महिला पत्रकारांना ती ऐकायलाही प्रवेश नव्हता. १९५५ नंतर मिळाला, तो सभागृहाच्या सज्ज्यात. खाली पुरुष जेवत आणि वर दाटीवाटीने उभ्या राहून स्त्रिया टिपणे घेत. त्यांना जेवण नव्हते आणि प्रश्न विचारण्याची मुभाही नव्हती. ऑगस्ट १९६३ मध्ये नागरी हक्कांच्या विराट मोर्चाच्या आदल्या दिवसांत नेते फिलिप रँडॉल्फ तिथे बोलायला आले, तेव्हाही स्त्रिया सज्ज्यातच होत्या, आणि पॉली मरी यांनी त्याबद्दल त्यांना खडसावून पत्र लिहिले. स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव तिथे मंजूर झाला तो १९७१ च्या जानेवारीत.